परीक्षाच झाली नाही, तर प्रवेश कुणाला?

शाळा-महाविद्यालये बंद पडली की सर्वांत आधी कुणाचे नुकसान होते, हे आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही. दुष्काळ पडो, दंगल उसळो, संप होवो वा साथ येवो, ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्याचा मुलगा घरी बसून शिकतो आणि ज्याच्या घरी कपाटच नाही त्याचा मुलगा बापाबरोबर कामावर जातो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोरोनाच्या साथीने हे पुन्हा एकदा सिद्ध केले. साथ ओसरली, मुखपट्ट्या गेल्या, वर्ग भरू लागले. परंतु त्या काळात प्रवेशाचे जे नियम घाईघाईने केले गेले, त्यांचा हिशेब कुणी नीट मांडला नाही. उद्या पुन्हा असे संकट आले तर आपल्या मुलामुलींना विद्यापीठाच्या दारात कोणत्या मापाने मोजले जाईल? हा प्रश्न आज शांतपणे विचारला पाहिजे, कारण संकट आल्यावर विचारायला वेळ मिळत नाही.

निकालाचे पेढे आणि प्रवेशाची रांग

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा महाराष्ट्रात बारावीची लेखी परीक्षा कशीबशी आटोपली होती. दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला आणि तो रद्द झाला. त्या वर्षी बारावीचा निकाल ९०.६६ टक्के आणि दहावीचा ९५.३० टक्के लागला. पुढच्या वर्षी मात्र दोन्ही परीक्षाच रद्द कराव्या लागल्या. जुलै २०२१ मध्ये दहावीचा निकाल ९९.९५ टक्के आणि ऑगस्टमध्ये बारावीचा ९९.६३ टक्के लागला.

घरोघरी पेढे वाटले गेले, आणि ते योग्यच होते. त्या मुलांनी आजारपण पाहिले, कित्येकांनी घरातले माणूस गमावले. पण पेढे वाटून झाल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. सगळेच पास झाले म्हणून महाविद्यालयातल्या जागा वाढत नाहीत. मग जागा कुणाला द्यायची?

बारावीचे गुण ज्या सूत्राने ठरले ते सूत्र वाचकांनी लक्षात घ्यावे. दहावीतल्या सर्वाधिक गुणांच्या तीन विषयांना ३० टक्के, अकरावीच्या गुणांना ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाला ४० टक्के भार दिला गेला. दहावीसाठी नववीचा निकाल ५० गुणांना धरला, उरलेले ५० गुण दहावीच्या शाळेतल्या लेखी आणि तोंडी वा प्रात्यक्षिक कामाला होते. व्यावसायिक नसलेल्या पदवी अभ्यासक्रमांना मग याच गुणांवर प्रवेश झाले.

सूत्र कागदावर साधे दिसते. पण आपल्या वस्तीतल्या मुलाच्या जागी उभे राहून ते वाचा. अकरावी म्हणजे आपल्याकडे विसाव्याचे वर्ष. मूल दहावी झाले की सुट्टीत कामाला लागते. गावाकडून तालुक्याला आलेली मुलगी अकरावीत नव्या वातावरणाला आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकाला सरावत असते. आपली मुले बहुधा बारावीच्या शेवटच्या सहा महिन्यांत जीव तोडून अभ्यास करतात आणि मागची कसर भरून काढतात. ही कसर भरण्याची जागाच त्या वर्षी नाहीशी झाली. जे उशिरा फुलतात, त्यांना हे सूत्र फुलण्याआधीच मोजून मोकळे झाले. ज्याला पहिल्या इयत्तेपासून शिकवणी होती, त्याचे मागचे गुण त्याच्या पाठीशी उभे राहिले.

मोबाईल कुणाच्या हातात होता?

त्यातही बारावीचे ४० टक्के ज्या अंतर्गत मूल्यमापनावर दिले गेले, ते वर्षभर बहुतांशी मोबाईलवर चालले होते. साथ येण्यापूर्वी, २०१७-१८ साली केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने शिक्षणाविषयीची माहिती गोळा केली होती. त्यानुसार ग्रामीण भारतात संगणक असलेली घरे होती शेकडा ४.४ आणि इंटरनेटची सोय असलेली घरे शेकडा १५ च्या आसपास. शहरांत हेच आकडे २३.४ आणि ४२ होते. हे सर्व समाजांचे सरासरी आकडे आहेत. भूमिहीन मजुराच्या घरात काय असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

एका घरात एक मोबाईल, तो बाप कामावर घेऊन जाणार. संध्याकाळी तो परत आला की आधी भावाचा तास, मग बहिणीचा. महिन्याचे रिचार्ज संपले की शाळाही संपली. अशा वर्षात चाचणी दिली नाही म्हणून ज्या मुलीचे गुण कमी झाले, तिच्या बुद्धीची ती मोजणी होती की तिच्या घरच्या रिचार्जची?

गुण देणारा हात

येथे एक अवघड गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. परीक्षा रद्द झाली म्हणजे गरीब मुले सुटली, असा समज त्या काळात अनेकांचा झाला होता. आम्हाला तो मान्य नाही. बोर्डाच्या लेखी परीक्षेत शंभर दोष असतील. पण उत्तरपत्रिकेवर आडनाव नसते, बैठक क्रमांक असतो. तपासणारा दुसऱ्या गावचा असतो. त्याला मुलगा कोणत्या वस्तीतला हे ठाऊक नसते. वर्गात मागच्या बाकावर बसवल्या गेलेल्या मुलाला बैठक क्रमांकाने जो न्याय दिला, तो पुष्कळदा ओळखीच्या गुरुजींनी दिला नाही. अंतर्गत गुण आणि तोंडी परीक्षा यांची धास्ती आपल्या घरांत उगाच नाही.

ही केवळ भावना नव्हे. रेमा हॅना आणि ली लिंडेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी भारतात एक प्रयोग केला आणि तो २०१२ साली प्रसिद्ध केला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर त्यांनी जातीची नोंद चिठ्ठ्या टाकल्यासारखी बदलून लिहिली आणि शिक्षकांकडून त्या तपासून घेतल्या. खालची मानली गेलेली जात लिहिलेल्या पत्रिकांना थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. आणखी विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, हा भेद प्रामुख्याने खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या तपासनिसांकडूनच झाला. जातीने माणसाला स्वतःच्या लेकराकडे पाहण्याची दृष्टीही कशी दिली आहे, ते यावरून कळते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, परीक्षा हवी की नको एवढ्यावर वाद घालून भागणार नाही. परीक्षा घेतली तर मोबाईल आणि शिकवणी नसलेले मूल मागे पडते. न घेतली तर त्याचे नशीब कुणाच्या तरी मर्जीवर जाते. दोन्हीकडे धोका आहे. न्यायाची कसोटी ही की, तो धोका कुणाच्या अंगावर टाकला.

इंग्लंडातला धडा

हा धोका चुकीच्या अंगावर कसा पडतो, त्याचे ठळक उदाहरण इंग्लंडात घडले. तेथे विद्यापीठ प्रवेश ज्या 'ए लेव्हल' परीक्षेवर ठरतात, ती २०२० साली रद्द झाली. शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याची अपेक्षित श्रेणी कळवली आणि वर्गातला क्रम लावून दिला. शिक्षक सढळ हाताने श्रेणी देतील या भीतीने 'ऑफक्वाल' या नियामक संस्थेने एक गणिती सूत्र बसवले. त्यात शाळेचा आधीच्या वर्षांचा निकाल धरला होता. म्हणजे तुमच्या शाळेत पूर्वी कुणाला सर्वोच्च श्रेणी मिळाली नसेल, तर तुम्ही कितीही हुशार असा, ती तुम्हालाही मिळणे कठीण.

१३ ऑगस्ट २०२० रोजी निकाल लागला तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे ३९ टक्के खाली आणल्या गेल्या होत्या. फार लहान वर्गांना मात्र हे सूत्र लावता येत नव्हते, म्हणून तेथे शिक्षकांचाच शब्द राहिला. लहान वर्ग परवडतात कुणाला? खाजगी, महागड्या शाळांना. त्या शाळांतल्या वरच्या श्रेणींचे प्रमाण आदल्या वर्षापेक्षा ४.७ टक्क्यांनी वाढले, सर्वसाधारण सरकारी शाळांत ते २ टक्क्यांनी वाढले. शेजारच्या स्कॉटलंडात त्याच महिन्यात असेच झाले होते. सर्वांत गरीब वस्त्यांतल्या मुलांचे 'हायर' परीक्षेतील उत्तीर्णतेचे प्रमाण शिक्षकांच्या अंदाजापेक्षा १५.२ टक्क्यांनी खाली आणले गेले, सर्वांत सधन वस्त्यांतल्या मुलांचे ६.९ टक्क्यांनी.

मुले रस्त्यावर उतरली. स्कॉटलंडने ११ ऑगस्टला आणि इंग्लंडने १७ ऑगस्टला निर्णय मागे घेऊन शिक्षकांच्या श्रेणी मान्य केल्या. पण मधल्या चार दिवसांत विद्यापीठांतल्या अनेक जागा भरल्या गेल्या होत्या. शेवटी वैद्यकीय अभ्यासक्रमांवरची जागांची मर्यादा उठवावी लागली.

सूत्र करणाऱ्यांच्या मनात कुणाविषयी आकस होता असे आम्ही म्हणत नाही. पण माणसाचे मोल त्याच्या कामावरून न ठरवता तो कोठून आला यावरून ठरवणे, हे तत्त्व आपल्या देशाला नवीन आहे काय? हजारो वर्षे आपल्याला याच तत्त्वाने मोजले गेले. तेथे जन्माच्या जागी शाळेचे नाव आले, एवढाच फरक.

एक परीक्षा, दोन पुस्तके

आपल्याकडे अकरावीच्या प्रवेशाचा प्रश्न न्यायालयात गेला. दहावीचे गुण अंतर्गत असल्याने राज्य शासनाने २८ मे २०२१ च्या निर्णयाने ऐच्छिक सामाईक प्रवेश परीक्षा ठरवली. ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर होणार होती आणि परीक्षा देणाऱ्यांना प्रवेशात प्राधान्य मिळणार होते. दुसऱ्या मंडळाच्या एका विद्यार्थिनीने याविरुद्ध दाद मागितली. १० ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही परीक्षा रद्द ठरवली. वेगळे पुस्तक वाचलेल्या मुलांना एकाच पुस्तकावर तपासणे आणि साथीच्या काळात लाखो मुलांना केंद्रांवर बोलावणे न्यायालयाला अन्यायाचे वाटले. प्रवेश दहावीच्या गुणांवर झाले.

निकाल कुणाला रुचला, कुणाला नाही. त्यातून घेण्यासारखा धडा एकच. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलला की कुणावर तरी अन्याय होतोच. पदवीच्या अंतिम वर्षाच्या परीक्षांबाबतही हाच घोळ झाला. महाराष्ट्राने त्या न घेण्याचे ठरवले, विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० रोजी त्या घ्याव्यात असे सांगितले आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असा निर्वाळा दिला. या तीन महिन्यांत मुलांनी अभ्यास करावा की नोकरी शोधावी, हे कुणीच सांगू शकले नाही. आयोगाच्या सूचनांत मात्र एक चांगली तरतूद होती. ज्याला परीक्षेला बसता आले नाही, त्याला नंतर विशेष परीक्षेची संधी द्यायची होती. हुकलेली संधी पुन्हा मिळणे, हाच संकटकाळातला खरा न्याय.

चार वर्षांची मुदत

या संदर्भात बाबासाहेबांच्या आयुष्यातली एक घटना प्रत्येक विद्यापीठाने वाचावी. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पहिले महायुद्ध चालू होते. १९१७ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते, ती पाणतीराच्या हल्ल्यात बुडाली. पण चार वर्षांच्या आत येऊन शिक्षण पुरे करण्याची परवानगी त्यांच्या हातात होती. मुंबईला त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसा साठवला, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० साली ते लंडनला परतले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाली.

विद्यापीठाने त्यांना एक गुणही वाढवून दिला नाही. दार फक्त उघडे ठेवले. ते दार १९१७ सालीच बंद झाले असते तर काय गमावले असते, याची कल्पना वाचकांनी करावी.

शेवटच्या मिनिटाचा अन्याय

आता याच्या उलट पाहा. २०२१ साली आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत उत्तीर्ण होऊन मुंबईच्या आयआयटीत जागा मिळवलेल्या एका दलित विद्यार्थ्याची फी संगणकीय अडचणीमुळे मुदतीत भरली गेली नाही. जागा गेली. उच्च न्यायालयात दाद लागली नाही. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून त्याला जागा देण्याचा आदेश दिला. साथ संपल्यावरही हा रोग गेला नाही. २०२४ साली धनबादच्या आयआयटीत निवड झालेल्या एका मजुराच्या मुलाला १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत. ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्यालाही सर्वोच्च न्यायालयानेच जागा मिळवून दिली.

दोघे जिंकले याचा आनंद आहे. पण दिल्लीपर्यंत जाणे किती जणांना जमते? जे गावातच रडून गप्प बसले, त्यांची नोंद कोणत्या निकालपत्रात आहे?

न्याय्य प्रवेशाच्या पाच कसोट्या

या सगळ्यातून आम्हाला पाच गोष्टी दिसतात. संकट कोणतेही असो, त्या मागण्या म्हणून लावून धरल्या पाहिजेत.

एक, विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या कामावरून मोजावे. शाळेच्या नावावरून वा मागच्या निकालावरून नाही.

दोन, नियम आधी जाहीर व्हावेत आणि मध्येच बदलू नयेत.

तीन, गुणांविरुद्ध दाद मागण्याचा आणि पुन्हा परीक्षा देण्याचा मार्ग प्रत्येकाला, विनाखर्च, मराठीतून मिळावा.

चार, फी आणि दाखले यांच्या मुदती लवचिक असाव्यात. गुणवत्तेने मिळालेली जागा कागदाने जाऊ नये.

पाच, सगळ्यांच्या वाट्याला सारखी साधने आली नाहीत हे मान्य करून वेगळी तरतूद करावी. तामिळनाडूने हे २०२० सालीच, साथीच्या काळात करून दाखवले. सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकून 'नीट' उत्तीर्ण झालेल्यांसाठी राज्याच्या वैद्यकीय जागांत ७.५ टक्के जागा राखण्याचा कायदा तेथे झाला. परीक्षा कायम राहिली, आणि सरकारी शाळेतल्या मुलांची स्पर्धा आपसात झाली.

आरक्षणाची टक्केवारी कायम आहे म्हणून निश्चिंत राहू नये. राखीव जागेवरही आपल्यापैकी कुणाचे मूल पोहोचते, हे वरच्या पाच गोष्टींवरच ठरते. शहरातल्या नोकरदाराचे की वाडीवरच्या मजुराचे, हा प्रश्न आपण आपल्यालाही विचारला पाहिजे.

घरोघरी करायच्या गोष्टी

शासनाकडे मागणी करतानाच घरात काही शिस्त लावून घेणे आपल्या हातात आहे. नववी आणि अकरावी ही विसाव्याची वर्षे समजू नका. २०२१ साली त्याच गुणांनी भवितव्य ठरले. प्रत्येक चाचणी द्यावी आणि गुणपत्रके जपून ठेवावीत.

जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला यांची फाईल घरात तयार असावी. अकरावी-बारावी विज्ञान शाखेतच महाविद्यालयामार्फत जात पडताळणीचा अर्ज करावा. केंद्रीय संस्थांसाठी केंद्र सरकारच्या नमुन्यातला दाखला लागतो. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० पासून लागू आहेत, तेव्हा तो नमुना वेळेवर काढून घ्यावा.

फी शेवटच्या दिवसावर ठेवू नये. भरणा अडला तर पडद्यावरचा संदेश जपून ठेवावा, त्याच दिवशी संस्थेला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रार कोर्टात टिकत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आहे. प्रवेशापूर्वीच समाजकल्याण कार्यालयात त्याची चौकशी करावी.

आणि प्रत्येक विहारात, प्रत्येक वस्तीत दोन शिकलेल्या तरुणांनी जून ते ऑक्टोबर प्रवेशाची मदत करण्याचे काम अंगावर घ्यावे. एक संगणक, एक नेट जोडणी आणि फॉर्म भरून देणारा एक माणूस एवढ्याने कित्येक जागा वाचतील. पुढची साथ, पुढचा पूर, पुढची बंदी केव्हा येईल हे कुणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा आपल्या लेकरांचे कागद पेटीत, त्यांचे हक्क त्यांना पाठ आणि त्यांच्या पाठीशी वस्ती उभी असली पाहिजे.